वाचक विचारतात : आधी हवा, मग चहा

मागच्या महिन्यात या पानावर एका उत्तरात मी लिहिलं होतं, की मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंचे विद्युतभारित आयन करून त्यांचं वजन मोजायचं तंत्र, पुस्तकातून पाठ करता येते, पण समजते ती यंत्रापुढे बसल्यावर. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. यंत्र आणायचं कुठून, हा बहुतेकांचा प्रश्न. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. बार्शीच्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्या मुलीसारख्या मुली माझ्यापुढे वर्षानुवर्षं बसल्या आहेत.

प्रश्न : मी एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला मास स्पेक्ट्रोमेट्रीचं एक युनिट आहे. मॅकलॅफर्टी रीअरेंजमेंट, नायट्रोजन रूल, बेस पीक हे सगळं पाठ आहे आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण कॉलेजात यंत्र नाही. कुणी खरा स्पेक्ट्रम, म्हणजे यंत्रानं काढलेला वजनांचा आलेख, पुढे ठेवला तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. यंत्र नसताना हे हातानं कसं शिकायचं?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : रिकाम्या यंत्रापासून सुरुवात करायची.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत जीसी-एमएसची, म्हणजे मिश्रण एका लांब बारीक नळीतून (कॉलम) वायुरूपात वेगळं करून मग वजन मोजणाऱ्या यंत्राची, खोली मी निवृत्त होईपर्यंत सांभाळली. बाहेरच्या कॉलेजांतून मुलं सॅम्पल घेऊन यायची आणि बसल्या बसल्या विचारायची, "मॅडम, माझं कधी लावायचं?" मी बाटली बाजूला ठेवायला सांगायची. यंत्रात काहीच न घालता पडद्यावर वजनाच्या ज्या आकड्यांवर रेघा (पीक) दिसताहेत ते आधी वहीत उतरवून घ्यायला लावायची. पंप कितीही चांगला असला तरी थोडं पाणी आणि थोडी हवा आत राहतेच. म्हणून १८ वर पाणी दिसतं, २८ वर नायट्रोजन, ३२ वर ऑक्सिजन, ४० वर आरगॉन, ४४ वर कार्बन डायऑक्साइड. हे सगळे रेणू शाळेपासून ओळखीचे. त्यामुळे आकडा आणि रेणू यांची गाठ इथे आपोआप बसते.

मग मी विचारायची, १४ वर कोण आहे? नायट्रोजनचा सुटा अणू, असं उत्तर लगेच यायचं. आणि २० वर? इथे मुलं अडायची. काही जण निऑन म्हणायची, पण हवेत निऑन इतका थोडा आहे की तो असा डोकं वर काढणार नाही. पाण्यातल्या जड ऑक्सिजनचा तिथे किंचित वाटा असतो, पण हवा आत शिरली की वाढतो तो आरगॉन. वजन ४०, पण दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणून जागा २० ची. यंत्र वस्तुमान भागिले विद्युतभार मोजतं, हे वाक्य तू शंभरदा वाचलं असशील. आरगॉन विसावर उभा असलेला एकदा पाहिला की ते पुन्हा पाठ करावं लागत नाही.

याच पाच-सहा आकड्यांवर यंत्राची तब्येतही कळते. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के. तेव्हा २८ चा पीक ३२ च्या साधारण चौपट दिसतोय आणि दोन्ही वाढत चाललेत, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची पद्धत मी प्रत्येकाला करून बघायला लावायची. ओव्हन पूर्ण थंड असताना कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा एक थेंब घ्यायचा, एकेका जोडाला टेकवायचा आणि डोळे पडद्यावर ठेवायचे. ज्या जोडाशी ४३ आणि ५८ उसळतात तिथला नट सैल आहे किंवा फेरूल (जोडातली सीलची कडी) चिरलंय. पान्यानं नट जरासा आवळून ३२ खाली उतरताना बघणं, हा मास स्पेक्ट्रोमेट्रीतला पहिला खरा प्रयोग आहे असं मला मनापासून वाटतं. निर्वात पोकळीची गरज का असते ते त्यावेळी कळतं. बाहेरच्या हवेत रेणू सरासरी सत्तरेक नॅनोमीटर जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळतो. आयनाला मात्र उगमापासून डिटेक्टरपर्यंत न आदळता जायचं असतं. आतला दाब इतका खाली आणावा लागतो की ती सत्तर नॅनोमीटरची मोकळीक काही मीटर व्हावी.

हवेनंतर पीएफटीबीए. पूर्ण नाव परफ्लुओरोट्रायब्युटिलअमीन. यंत्र ट्यून करायला जी छोटी बाटली आत बसवलेली असते तिच्यात हे असतं. ऑपरेटर बटण दाबतो, रिपोर्ट छापतो आणि फाइलला लावतो. तो रिपोर्ट मागून घे. त्यात ६९, २१९ आणि ५०२ असे तीन मोठे पीक असतात आणि प्रत्येकाच्या उजव्या खांद्याशी एक लहानसा पीक : ७०, २२०, ५०३. त्या लहानग्यांची उंची मोठ्याच्या किती टक्के आहे ते स्वतः काढ. साधारण १.१, ४.३ आणि १०.१ येतात. कार्बनच्या दर शंभर अणूंत एकापेक्षा किंचित जास्त अणू १३ वजनाचे असतात आणि फ्लुओरिनला एकच स्थिर समस्थानिक आहे. म्हणून हे टक्के थेट कार्बन मोजून देतात. ६९ मध्ये एक कार्बन, २१९ मध्ये चार, ५०२ मध्ये नऊ, शिवाय एका नायट्रोजनचा अल्पसा वाटा. तुमच्या अभ्यासक्रमातलं आयसोटोप पॅटर्नचं प्रकरण रोज सकाळी त्या रिपोर्टवर छापलेलं असतं.

मग सॅम्पल. पहिल्यांदा अज्ञात सॅम्पल मुळीच घेऊ नकोस. तुझ्या प्रोजेक्टमधलं, मार्गदर्शकांनाही नीट माहीत नसलेलं संयुग घेऊन यंत्रापुढे बसलीस तर यंत्र चुकतंय, रिअ‍ॅक्शन चुकली की तू चुकतेस, हे कळायला मार्गच उरत नाही. चहा घे. चहापत्ती पाण्यात चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालून उकळ, गाळ, पूर्ण थंड होऊ दे. मग फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, डायक्लोरोमिथेनबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये हलक्या हातानं फिरव. जोरात हलवलंस तर दोन थरांमध्ये फेस धरतो आणि दुपार जाते. खालचा थर काढून निर्जल सोडियम सल्फेटवर सुकव, गाळ, पातळ कर. त्याचबरोबर पत्ती न घालता, बाकी सगळं तसंच करून दुसरी बाटली तयार कर. ती तुझी ब्लँक. आधी ती लावायची.

ब्लँकमध्ये काहीच नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी १४९ शोधावा. तो थॅलेटचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतून, टोपणातून, हातमोज्यातून आलेला. ओव्हन तापत गेला की २०७ आणि २८१ वर जातात, ते कॉलमच्याच आतल्या सिलिकॉनच्या थराचे. हे तिन्ही आकडे मी खोलीतल्या फळ्यावर कायम लिहून ठेवले होते. पीएच.डी.च्या मुलांना 'नवीन नैसर्गिक संयुग' म्हणून थॅलेट घेऊन येताना मी पाहिलंय. झाडाच्या सालीत सापडलं म्हणून ती आनंदात असायची आणि साल ज्या प्लॅस्टिकच्या डब्यातून आली तो डबा समोरच असायचा.

आता चहा. कॅफिनचा मॉलिक्युलर आयन, म्हणजे न तुटलेला रेणू, १९४ वर ठसठशीत येतो. वजन सम, कारण नायट्रोजन चार; नायट्रोजन विषम असते तर वजनही विषम आलं असतं, हाच नायट्रोजन रूल. १९५ बघ, १९४ च्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल, कारण कार्बन आठ. मग पट्टी घेऊन खाली उतरत जा. १९४ वरून १३७, म्हणजे ५७ गेले : मिथाइल आयसोसायनेट. हा १३७ बारीक असतो, नजरेतून सुटतो. तिथून १०९, म्हणजे २८ गेले : कार्बन मोनॉक्साइड. मग ८२, म्हणजे २७ गेले : हायड्रोजन सायनाइड. खाली ६७ आणि ५५ आहेत. प्रत्येक वजाबाकी वहीत पेन्सिलनं कर आणि शेजारी कॅफिनची रचना काढून कुठला तुकडा पडला तो खोडून दाखव. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीचं बटण यानंतर दाब. आधी दाबलंस तर डोळ्यांना नाव दिसतं आणि हाताची वजाबाकी थांबते.

यंत्र नसताना काय करायचं? दोन गोष्टी. पहिली अशी की, अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या वेबबुकमध्ये हजारो संयुगांचे स्पेक्ट्रम फुकट बघायला मिळतात. मैत्रिणीला नुसते आकडे आणि उंची एका कागदावर लिहून द्यायला सांग, नाव झाकून. तू ते ग्राफ पेपरवर काढ. क्रम मी देते : पाणी, मिथेनॉल, ॲसिटोन, टोल्युईन, डायक्लोरोमिथेन, ब्रोमोबेंझिन. डायक्लोरोमिथेनला ८४, ८६, ८८ हे ९:६:१ असे उभे राहतात, कारण दोन क्लोरिन. खाली ४९ आणि ५१ हे ३:१, कारण एक क्लोरिन निघून गेला. ब्रोमोबेंझिनला १५६ आणि १५८ जवळजवळ सारखेच, आणि ब्रोमिन गेल्यावर उरलेला ७७ एकटा. मग ॲसिटोन आणि २-हेक्झॅनोन शेजारी शेजारी ठेव. दोन्हींत ५८ आहे. मॅकलॅफर्टी पाठ असलेली मुलं दोन्हीकडे बाण काढतात. त्या रीअरेंजमेंटला कार्बोनिलपासून तिसऱ्या कार्बनवरचा, म्हणजे गॅमा, हायड्रोजन लागतो. ॲसिटोनमध्ये तो आहेच कुठे? तिथला ५८ हा सगळा रेणू आहे. २-हेक्झॅनोनचा १०० वजनाचा रेणू तुटून आलेला ५८, तो खरा मॅकलॅफर्टी.

दुसरी गोष्ट, सॅम्पल कुरिअरनं न पाठवता घेऊन जा. आयआयटी मुंबईची सैफ ही उपकरण सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांची सॅम्पल घेते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची सामाईक सुविधा आहे. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात. तुम्ही पाच-सहा जणी मिळून एक चहा आणि एक ब्लँक लावलात तर शुल्क वाटून जाईल. जाण्याआधी सरांच्या सहीचं पत्र देऊन विनंती करा की सॅम्पल चालू असताना बसू द्यावं. बहुतेक ऑपरेटर हो म्हणतात. रोज नुसत्या बाटल्या येत असताना शिकायला आलेली मुलं बघून बरं वाटतं, हे मी आतून सांगते. निघताना छापील रिपोर्टबरोबर मूळ डेटा फाइल, ब्लँकची फाइल आणि त्या दिवसाचा ट्यून रिपोर्ट मागून घ्या. पुढचे दोन महिने त्यावर काढता येतात.

प्रश्न : दालचिनीच्या पानांपासून आमचा बचत गट तेल काढतो. व्यापाऱ्यानं तपासणी करून आणायला सांगितली. रिपोर्टमध्ये 'युजेनॉल' या नावापुढे ९८ लिहिलंय. आमचं तेल ९८ टक्के शुद्ध आहे असं लेबलवर छापलं तर चालेल का? व्यापारी म्हणतो दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड हवं, तुमच्या तेलात भेसळ आहे.
— बचत गटाच्या अध्यक्ष, दापोली तालुका

उत्तर : ताई, ते छापू नका. तो ९८ शुद्धतेचा आकडा नाही. तुमच्या तेलातल्या एका पीकचा स्पेक्ट्रम संगणकातल्या युजेनॉलच्या नोंदीशी किती जुळला, त्याचे ते शंभरपैकी गुण आहेत. तेलात युजेनॉल दहा टक्के असतं तरी ९८ येऊ शकले असते.

रिपोर्टवर आणखी एक रकाना असेल, 'एरिया टक्के' नावाचा. तुम्हाला हवं त्याच्या जवळ जाणारं ते आहे, पण तेही वजनाचे टक्के नव्हेत, कारण सगळे रेणू यंत्रात सारख्या प्रमाणात आयन होत नाहीत. लेबलवर आकडा छापायचाच असेल तर प्रयोगशाळेला सांगा, की शुद्ध युजेनॉलचं स्टँडर्ड वेगवेगळ्या प्रमाणात लावून, त्याची रेषा काढून, तिच्यावरून टक्केवारी द्या. यासाठी पैसे जास्त पडतील, पण तो आकडा तुम्ही कुणापुढेही ठेवू शकाल.

व्यापाऱ्याचं म्हणणं तुमच्या तेलाला लागू होत नाही. खऱ्या दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य असतं आणि पानांच्या तेलात युजेनॉल. रिपोर्टच्या मागच्या पानांवर स्पेक्ट्रम असेल तर स्वतः बघा. युजेनॉलचा मोठा पीक १६४ वर आणि त्याच्या खाली १४९, म्हणजे पंधरा वजनाचा मिथाइल गेलेला. सिनॅमाल्डिहाइड १३२ वर आणि त्याला चिकटून १३१. मुख्य पीकमध्ये १६४ आणि १४९ असतील तर ते पान आहे, हे त्यांना दाखवा.

फक्त एक काळजी घ्या. आयसोयुजेनॉल नावाचा जुळा भाऊ असतो. वजन तेच १६४ आणि स्पेक्ट्रम इतका सारखा की लायब्ररी दोघांनाही भरभरून गुण देते. दोघे कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, तेव्हा निर्णय वेळेवर होतो. प्रयोगशाळेनं युजेनॉलचं स्टँडर्ड लावून वेळ जुळवली होती का, एवढं फोनवर विचारा. तुमच्या गटातल्या कुणाची मुलगी बारावी सायन्सला असेल तर तिला बरोबर न्या आणि ते स्टँडर्ड लावताना बघू द्या.

प्रश्न : नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. समस्थानिकं शिकवताना मुलं विचारतात, एवढ्या लहान अणूचं वजन केलं कसं? इंटरनेटवर लोखंडी गोळ्या आणि चुंबकाचा प्रयोग सापडला. लहान गोळी जास्त वळते, मोठी कमी. तो करावा का?
— एक शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : सर, तो करू नका. चुंबक लोखंडाच्या मोठ्या गोळीला मोठ्या बळानं ओढतं, कारण तिच्यात लोखंड जास्त. बळही वाढतं आणि वस्तुमानही वाढतं, मग वळण्यातला फरक आला कुठून? हुशार मूल हे विचारेल आणि त्याचं बरोबर असेल. यंत्रात सारख्या विद्युतभाराच्या आयनांना विद्युतक्षेत्र सारखाच ढकला देतं, फक्त वस्तुमान वेगळं असतं. प्रयोगात तेच यायला हवं.

टेबल टेनिसचे चेंडू आणा. एकाला तसाच ठेवा, त्याचं वजन २.७ ग्रॅम. बाकीच्यांना लहान भोक पाडून वेगवेगळी वाळू भरा, चिकटपट्टी लावा आणि शाळेच्या तराजूवर वजन करून वजनं लिहून ठेवा. पंखा आडवा लावा. त्याच्या झोताच्या वरून, दर वेळी त्याच जागेवरून आणि त्याच उंचीवरून चेंडू नुसता सोडा. ढकलू नका. जमिनीवर रांगोळी पसरा, म्हणजे चेंडू पडला ती जागा उमटेल. आकार सारखा म्हणून वाऱ्याचा ढकला सारखा. हलका चेंडू लांब पडतो, जड जवळ. मुलांना वजन आणि अंतर यांचा आलेख काढू द्या. मग एक वजन न सांगितलेला चेंडू द्या आणि आलेखावरून वजन काढायला लावा. यंत्राचं कॅलिब्रेशन हेच असतं, आणि पीएफटीबीएचे तीन पीक रोज त्याचसाठी लागतात.

मग निऑनची गोष्ट सांगा. केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ मध्ये निऑनचे आयन चुंबकीय आणि विद्युतक्षेत्रातून वळवून फोटोच्या काचेवर पाडले, तेव्हा २० शेजारी २२ ची फिकट रेघ दिसली. स्थिर मूलद्रव्यालाही वेगवेगळ्या वजनांचे अणू असतात याचा तो पहिला पुरावा. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये जास्त अचूक यंत्र बांधलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. फळ्यावर मुलांकडून गणित करून घ्या : निऑन २० साधारण ९०.५ टक्के, २२ साधारण ९.२५ टक्के आणि उरलेला पाव टक्का २१. सरासरी २०.१९ येते. पुस्तकातल्या तक्त्यात २०.१८ आहे. हे दोन आकडे स्वतःच्या हातानं जवळ आलेले पाहिले की 'अपूर्णांकात अणुवस्तुमान का' हा प्रश्न उरत नाही.

वेळ उरला तर मंगळयान सांगा. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेल्या त्या यानावर मेन्का नावाचा मास स्पेक्ट्रोमीटर होता आणि त्यानं मंगळाच्या वातावरणाच्या अगदी वरच्या थरात ४४, २८ आणि १६ मोजले. मुलांना विचारा, २८ म्हणजे कोण? ती नायट्रोजन म्हणतील. कार्बन मोनॉक्साइडही २८ च आहे. पूर्णांकांत मोजणाऱ्या यंत्राला त्या दोघांत फरक करता येत नाही. नायट्रोजन खरं तर २८.००६ आणि कार्बन मोनॉक्साइड २७.९९५. दहावीच्या मुलांना हे झेपतं, माझा अनुभव आहे.

प्रश्न : औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) एलसी-एमएस/एमएस, म्हणजे मिश्रण द्रवात वेगळं करून वजन मोजणारं यंत्र, चालवतो. एसओपीप्रमाणे (ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे) बाटल्या लावतो, रन देतो, निकाल येतो. नायट्रोसमाइन, म्हणजे औषधात नको असलेली, कर्करोगाचा धोका असलेली संयुगं, यांच्या चाचण्या रोज असतात. पण आत काय चाललंय ते मला माहीत नाही आणि ऑडिटरनं खोलात विचारलं तर उत्तर देता येणार नाही याची भीती वाटते. नोकरी सांभाळून मुळापासून कसं शिकू?
— एक अ‍ॅनालिस्ट, बोईसर

उत्तर : तुम्हाला भीती वाटते याचा अर्थ तुम्ही ते काम गंभीरपणे घेता. नायट्रोसमाइनच्या चाचणीत हे समजणं किती लागतं, त्याची दोन उदाहरणं तुमच्याच क्षेत्रातली आहेत.

२०१९ मध्ये रॅनिटिडीन या ॲसिडिटीवरच्या औषधाच्या गोळ्यांत प्रचंड एनडीएमए (एक नायट्रोसमाइन) सापडल्याचं एका खासगी प्रयोगशाळेनं जाहीर केलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं तपासलं तेव्हा लक्षात आलं की त्या पद्धतीत सॅम्पल १३० अंशांपर्यंत तापवलं जात होतं आणि त्या उष्णतेनं रॅनिटिडीनमधूनच एनडीएमए तयार होत होतं. म्हणून एफडीएनं न तापवणारी एलसी-एमएस पद्धत वापरायला सांगितली. औषधात दोष होताच. साठवणीत आणि उष्णतेत एनडीएमए वाढतं हे दिसल्यावर एप्रिल २०२० मध्ये एफडीएनं ते औषध बाजारातून काढायला लावलं. पण पहिले ते भयंकर आकडे पद्धतीतून आले होते.

दुसरं मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचं, २०२० मधलं. एनडीएमएचा प्रोटॉन घेतलेला आयन ७५.०५५३ वर येतो. डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे तुमचं रोजचं द्रावक डीएमएफ, ७४.०६ वर. दोघांचा संबंध वाटत नाही. पण डीएमएफच्या रेणूंपैकी थोड्यांत १५ वजनाचा नायट्रोजन असतो आणि ते ७५.०५७१ वर येतात. फरक फक्त ०.००१८. डीएमएफ भरपूर असेल आणि कॉलममधून एनडीएमएबरोबरच बाहेर पडत असेल, तर यंत्र त्याला एनडीएमए म्हणून मोजतं. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी काही मेटफॉर्मिनच्या निकालांत नेमकं हेच झाल्याचं दाखवलं. दोघांना वजनावरून वेगळं करायला ४०,००० च्या वर रिझोल्यूशन (जवळजवळची वजनं वेगळी दाखवण्याची क्षमता) लागतं. ट्रिपल क्वाड्रुपोलला, म्हणजे एमएस/एमएसच्या नेहमीच्या यंत्राला, ते शक्य नाही, तिथे कॉलमवरच वेगळं करावं लागतं. तुमच्या पद्धतीत डीएमएफ किती मिनिटांनी आणि एनडीएमए किती मिनिटांनी येतं, हे उद्याच क्रोमॅटोग्रामवर बघून घ्या.

आता हातानं शिकायचं. क्यूसीच्या व्हॅलिडेटेड यंत्रावर काहीही करून बघू नका. ऑडिट ट्रेलमध्ये प्रत्येक बटण नोंदलं जातं आणि ते योग्यच आहे. तुमच्या कंपनीच्या मेथड डेव्हलपमेंट विभागात यंत्र असेल. साहेबांकडून लेखी परवानगी घेऊन शनिवारी तिथे दोन तास मागा. विषारी स्टँडर्डला हात न लावता कॅफिनवर काम करा.

कॅफिनचं विरळ द्रावण, ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडसह, सिरिंज पंपानं सरळ आत सोडा. १९५ दिसेल. इथे प्रोटॉन चिकटतो, जीसीसारखा इलेक्ट्रॉन जात नाही, म्हणून १९४ ऐवजी १९५. शेजारी २१७ आहे का बघा. तो सोडियमचा, काचेतून किंवा पाण्यातून आलेला. ४४-४४ च्या अंतरानं शिडीसारखे पीक दिसले तर भांडी कुठल्या साबणानं धुतली ते विचारा. मग १९५ ला निवडून कोलिजन एनर्जी (आयन वायूवर आदळवून तोडायची ऊर्जा) शून्यापासून पाच-पाचनं वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीला १९५, १३८ आणि ११० यांच्या उंच्या वहीत लिहा. १९५ उतरतो, १३८ चढतो, पुढे १३८ ही उतरतो आणि ११० चढतो. तीन वक्र एकाच कागदावर काढा. तुमच्या एसओपीत कोलिजन एनर्जीचा जो आकडा छापलाय तो असाच एका वक्राच्या माथ्यावरून आलेला असतो. ऑडिटरनं 'हाच आकडा का' विचारलं तर हा कागद आठवा.

दुसऱ्या शनिवारी आयन सप्रेशन. कॅफिनचा प्रवाह कॉलमनंतर, यंत्राच्या आधी, टी-जोडातून सतत सोडत ठेवा, म्हणजे पडद्यावर सरळ रेषा येईल. मग कॉलममधून औषध नसलेल्या, नुसत्या एक्सिपियंटचा (गोळीतल्या औषधाखेरीजच्या भरीचा) अर्क इंजेक्ट करा. रेषा जिथे खड्ड्यासारखी खाली जाते त्या मिनिटाला गोळीतलं काहीतरी बाहेर पडतंय आणि कॅफिनला आयन होऊ देत नाहीये. तुमचं एनडीएमए त्याच मिनिटाला येत असेल, तर ते असूनही कमी दिसेल. जास्त दिसण्याची भीती सगळ्यांना असते. मला या कमी दिसण्याची अधिक वाटते, कारण गोळी रुग्णाच्या पोटात जाते आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ असतो.

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला सर्व्हिस इंजिनियर येईल त्या दिवशी रजा घेऊ नका. सोर्स, म्हणजे आयन तयार होतात तो भाग, उघडताना शेजारी उभे राहा. आयन आत शिरतात त्या कोनवर जमलेला पांढरा-तपकिरी थर बघा आणि तो सॅम्पलमधल्या कुठल्या पदार्थाचा असेल ते विचारा. पार्ट काढल्याच्या क्रमानं स्वच्छ कापडावर मांडून ठेवायची जबाबदारी मागून घ्या. यंत्र परत सुरू झालं की सॅम्पल लावण्याआधी इंजिनियरला ब्लँक दाखवायला सांगा, आणि सफाईच्या आधीचा ब्लँक तुमच्याकडे छापून तयार असू द्या.